पोळीवर आळ, तर्रीला अभय

नागपुरात वजन उतरवायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड पडते ती ब्रेड, पोळी आणि भातावर. अंबाझरी तलावाच्या काठाने सकाळी फिरणाऱ्यांच्या गप्पा ऐकाव्यात. कुणी भात बंद केलेला असतो, कुणी पोळी सोडून भाकरीवर आलेला असतो, कुणी ब्रेडकडे ढुंकून बघत नाही. फिरणं आटोपलं की यातलीच काही मंडळी पोह्याच्या ठेल्याशी उभी राहतात आणि ‘भाऊ, थोडी तर्री मार ना अजून’ म्हणून प्लेट पुढे करतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

आधी हिशेब पाहू. पांढऱ्या ब्रेडची नेहमीची स्लाइस 25 ते 30 ग्रॅमची असते, तिच्यात 65 ते 80 कॅलरी. 30 ग्रॅम कणकेच्या, तेल न लावलेल्या पोळीत साधारण 95. म्हणजे दोन स्लाइस खाल्ल्या काय किंवा दीड पोळी खाल्ली काय, सारखंच. पिष्टमय पदार्थांतून आणि प्रथिनांतून ग्रॅममागे 4 कॅलरी मिळतात, तेल-तुपातून 9. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी, जवळजवळ सव्वा पोळी. आणि ती चावावीही लागत नाही. तर्री हा तर रश्श्यावर तरंगणारा तेलाचाच थर.

ब्रेड पकोड्याकडे जरा जवळून बघा. दोन स्लाइसमध्ये बटाट्याची भाजी भरायची, बेसनाच्या घोळात बुडवायचं आणि कढईत सोडायचं. ब्रेड स्पंजासारखा, बाहेर काढून कागदात दाबला तर कागद पारदर्शक होतो. दोन स्लाइसच्या दीडशे कॅलरी धरल्या, तर बेसन, बटाटा आणि शोषलेलं तेल मिळून त्याहून जास्त भर घालतात. खाणारा मात्र घरी जाऊन सांगतो, ‘आज ब्रेड खाण्यात आला.’

भाकरीचा गैरसमज विदर्भात फार पक्का आहे. ‘पोळीने वजन वाढते, ज्वारीच्या भाकरीने उतरते.’ हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात 100 ग्रॅम कणकेच्या सुमारे 320 कॅलरी आहेत, ज्वारीच्या सुमारे 335. तंतुमय भागही दोन्हींत दहा-अकरा ग्रॅमच्या आसपास. शिवाय आपली भाकर काही 30 ग्रॅमची नसते. 70 ग्रॅम पिठाची धरली तरी ती अडीच पोळ्यांच्या घरात जाते. भाकरी खावी, जरूर खावी, ती पोटाला आधार देते; पण तिला औषध समजून दोनाच्या तीन करू नयेत.

खरा फरक आहे तो कणीक आणि मैद्यात. मैद्यात कॅलरी थोड्या जास्त, सुमारे 350, पण तंतुमय भाग जेमतेम पावणेतीन ग्रॅम. म्हणून धरमपेठेतल्या दुकानातून ‘ब्राउन ब्रेड’ आणला की काम झालं, असं नाही. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचायची. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. पहिलं नाव मैद्याचं आणि शेवटी कुठेतरी कॅरॅमल रंग किंवा 150 हा आकडा दिसला, तर तपकिरीपणातला बराच भाग रंगाचा आहे. टोस्ट-खारीला हलकं समजणंही तसंच. भाजल्याने ब्रेडमधलं पाणी उडतं, कॅलरी तेवढ्याच राहतात. खारीत तर थरागणिक वनस्पती तूप असतं.

‘मग पोळी सोडल्यावर आठ दिवसांत दोन किलो कसे उतरले?’ प्रश्न रास्त आहे आणि काटा खोटं बोलत नाही. यकृत आणि स्नायू मिळून चार-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे 3 ग्रॅम पाणी असतं. धान्य सोडलं की हा साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं. चरबी मात्र तिथेच. पुन्हा जेवायला लागलं की पाणी परत येतं, आणि दोष पुन्हा पोळीच्याच माथी.

ब्रेड अगदीच धुतल्या तांदळासारखा आहे, असंही नाही. अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांनी 2019 मध्ये 20 जणांना संशोधन केंद्रातच ठेवून प्रयोग केला. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न, आणि हवं तितकं खायची मुभा. कारखान्याचं अन्न पुढ्यात असताना माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, आणि दोन आठवड्यांत वजन जवळपास एक किलोने वाढलं. असं अन्न मऊ, भराभर गिळता येणारं असतं. पाकिटातला पांढरा ब्रेड त्याच जातीचा. दोन स्लाइसवर थांबणं जमत असेल तर बिघडत नाही; कित्येकांना ते जमत नाही, हेही तितकंच खरं.

दोन वेळाच जेवावं हा विचार आपल्याकडे मांडला तो नागपूरचेच डॉ. श्रीकांत जिचकार यांनी. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो घरोघरी नेला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं म्हणणं नेमकं उलटं, थोड्या थोड्या वेळाने खा. यावरून महाराष्ट्रात घराघरांत वाद झडले. पण धडधाकट माणसाने पोळी-भात ताटातून हद्दपार करावा, असं दीक्षित-दिवेकर या दोघांपैकी कुणीच सांगितलेलं नाही. मधुमेह असेल तर गोष्ट निराळी. पांढऱ्या ब्रेडने रक्तातली साखर झपाट्याने चढते आणि तिथे डॉक्टरांचंच ऐकावं.

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये 2000 कॅलरींचं दिवसाचं ताट आखून दिलं. त्यात धान्य 250 ग्रॅम आहे, म्हणजे भात न खाणाऱ्याला 30 ग्रॅमच्या आठ पोळ्या. तेल-तूप मात्र 27 ग्रॅम, तेही घरातली फोडणी धरून. तर्री-पोहे आणि वर एक समोसा झाला की त्यातलं फारसं काही दुपारच्या वरणासाठी उरत नाही.