डीबगरने बदललेला आकडा राहतो कुठे?

"सर, डीबगरमध्ये व्हॅल्यू बदलली, प्रोग्राम नीट चालला. बग गेला." हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. मुलांचा नाही, 'आउटपुट आलं ना, मग पुढचं प्रॅक्टिकल घ्या' असं त्यांना सांगणाऱ्यांचा. बग जिथे होता तिथेच असतो.

हळदीच्या पट्टीचं उदाहरण घेऊ, हा हिशोब आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सी भाषेतला छोटा प्रोग्राम आहे. तो फाइलमधून पोत्यांची संख्या आणि काट्यावरचं एकूण वजन वाचतो, पोत्यामागे एक किलो बारदान वजा करतो आणि उरलेल्या वजनाला पोत्यांनी भागून सरासरी काढतो आणि पट्टी छापतो. भागाकाराच्या ओळीवर तो कोसळतो. जीडीबी हा डीबगर लावून पाहिलं, तर 'पोती' या व्हेरिएबलमध्ये शून्य. फाइलमध्ये तर ४० पोती स्पष्ट लिहिलेली. मग मुलगा भागाकाराच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावतो, 'सेट व्हेरिएबल' ही आज्ञा देऊन पोती ४० करतो आणि 'कंटिन्यू' म्हणतो. पट्टी छापून येते. सगळे खूश.

आता ती पट्टी नीट वाचा. बारदानाचा गुणाकार ब्रेकपॉइंटच्या आधीच होऊन गेला होता. तेव्हा पोती शून्य, म्हणून बारदानही शून्य. तुम्ही नंतर पोती ४० केलीत म्हणून प्रोग्राम मागे जाऊन तो गुणाकार पुन्हा करत नाही. एक्सेलमध्ये एक खाना बदलला की त्यावर अवलंबून असलेले खाने आपोआप बदलतात, त्या सवयीने आपण इथेही तीच अपेक्षा धरतो. सीमध्ये चालून गेलेली ओळ गेली. म्हणजे ४० किलो बारदान हळदीच्या भावाने मोजलं गेलं. प्रोग्राम कोसळत होता तोवर निदान चूक दिसत होती. आता ती व्यवस्थित छापून बाहेर पडली.

आणि ते शून्य मुळात आलं कुठून? फाइलमधला पोत्यांचा आकडा मराठी कीबोर्डवरून, देवनागरीत भरलेला होता; वजन मात्र इंग्रजी अंकांत होतं. सीमधलं 'एटॉय' हे फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही. कसलीही तक्रार न करता ते शून्य हातात ठेवतं. पायथनचं 'इंट' मात्र तेच ४० बिनचूक वाचतं, त्यामुळे पायथनमध्ये चाललेला हिशोब सीमध्ये आणणाऱ्याला हे कोडं सुटता सुटत नाही. दुरुस्ती करायची ती आकडा वाचणाऱ्या ओळीत. डीबगरमध्ये पोती ४० करून ना ती ओळ बदलली, ना फाइल. उद्या तीच फाइल दिली की तेच शून्य.

मग बदललं काय? लिनक्सवर डीबगर 'पीट्रेस' या सिस्टीम कॉलच्या मदतीने चालू प्रोसेस थांबवतो आणि तिच्या मेमरीतले बाइट वाचतो किंवा बदलतो. बदल होतो तो फक्त त्या प्रोसेसच्या मेमरीत. प्रोसेस संपली की ऑपरेटिंग सिस्टीम ती मेमरी परत घेते, आणि तुमचे ४० तिच्याबरोबर जातात. सोर्स फाइल जशीच्या तशी, कंपाइल झालेली फाइलही तशीच. जीडीबीच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलंच आहे: प्रोग्रामची फाइल तो मुळात फक्त वाचण्यापुरती उघडतो, तिच्यात लिहायचं असेल तर तशी वेगळी सेटिंग मुद्दाम लावावी लागते. व्हिज्युअल स्टुडिओत 'एडिट अँड कंटिन्यू' वापरताना कोड बदलतो हे खरं, पण तिथे तुम्ही सोर्सच बदलत असता. ती गोष्ट निराळी.

याचा अर्थ व्हॅल्यू बदलणं म्हणजे लबाडी, असाही नाही. ही सोय दिलीय कशासाठी, तेही मॅन्युअल सांगतं: चूक सापडली असं वाटलं की ती सुधारल्यावर पुढचं काम बरोबर होतं का, हे ताडून पाहण्यासाठी. तो एक प्रयोग आहे. प्रयोगाची नोंद ठेवायची, मग कोड सुधारायचा, पुन्हा कंपाइल करायचा आणि डीबगरशिवाय तीच फाइल देऊन बघायचं.

ही शिस्त पाळली की काय होतं, ते आपल्या दारात येऊ घातलेल्या कामात दिसतं. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. सुमारे २,६०० कोटींच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोत नियंत्रणाचे प्रोग्राम चालू असतानाच त्यांचे आकडे 'एपिक्स' या प्रणालीतून बदलले जातात. पण ठरलेल्या आकड्यांची यादी जपून ठेवलेली असते आणि चालू आकडा तिच्यापेक्षा वेगळा झाला की तो फरक समोर दिसतो.

'मग त्यांनी लहरीचा आकडाही आतून घुसवला असेल,' हेही मला ऐकवलं जातं. घुसवला होता, आणि उघडपणे सांगितलाही. सप्टेंबर २०१० मध्ये शोधपथकाची परीक्षा घ्यायला मोजक्या लोकांनी उपकरणातच खोटा संकेत सोडला होता. पथकाने तो पकडला, शोधनिबंधाचा मसुदाही तयार केला, आणि मार्च २०११ मध्ये संकेत बनावट असल्याचं जाहीर केलं गेलं. १४ सप्टेंबर २०१५ च्या गुरुत्वीय लहरीच्या खऱ्या संकेताच्या वेळी म्हणूनच आधी हीच शंका तपासली गेली. असा संकेत सोडलेला नव्हता, याची खात्री झाल्यावरच फेब्रुवारी २०१६ मध्ये घोषणा झाली. त्या संकेताचा डेटा आज कुणालाही मोफत उतरवून घेता येतो.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

ब्राउझरमध्ये 'इन्स्पेक्ट' करून खात्यातली शिल्लक बदलता येते: बदलतो तो तुमच्या स्क्रीनवरचा मजकूर, बँकेच्या सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून पैसे भरल्याचा कुणी स्क्रीनवर दाखवलेला पुरावा धरून माल देऊ नका, आपल्या खात्यात जमा झाले का ते बघा.

डीबगरने कुणाच्याही प्रोग्राममध्ये शिरता येतं: दुसऱ्या युजरच्या प्रोसेसला साधा युजर हात लावू शकत नाही, आणि उबुंटू तर आपल्याच आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसलाही सहजासहजी डीबगर जोडू देत नाही.

डीबगरखाली चाललं म्हणजे बाहेरही चालेल: अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्राममध्ये नुसत्या थांबण्याने वेळेचं गणित बदलतं आणि चूक लपते.

'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसलं म्हणजे डीबगर बिघडला: कंपायलरने ते व्हेरिएबल त्या ठिकाणी ठेवलेलंच नसतं, तर बदलणार काय? ऑप्टिमायझेशन बंद करून, डीबगची माहिती ठेवून पुन्हा कंपाइल करा. बहुतेक वेळा ते दिसू लागतं.