हरणाला लागलेली गोळी पुढे कुठे जाते?

गिधाडं आणि डायक्लोफेनॅकची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. आजारी गुराला वेदनाशामक औषध दिलं, ते गूर मेलं, गिधाडांनी खाल्लं आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये आपल्याकडे गुरांसाठी या औषधावर बंदी आली. आज सांगणार आहे ती गोष्ट अमेरिकेतली, पण वाट तीच आहे. फक्त तिथे विष येतं ते बंदुकीच्या गोळीतून.

हा पक्षी म्हणजे कॅलिफोर्निया कॉन्डर. पंखांचा विस्तार जवळजवळ साडेनऊ फूट. खाणं आपल्या गिधाडांसारखंच, मेलेली जनावरं. १९८२ मध्ये जगात फक्त २२ कॉन्डर उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून आणला, तेव्हा एकूण होते २७. त्यांची पिंजऱ्यात पैदास केली आणि १९९२ पासून पिल्लं पुन्हा रानात सोडायला सुरुवात झाली. आज रानातले आणि पिंजऱ्यातले मिळून पाचशेच्या वर आहेत.

म्हणजे वाचला म्हणायचा का? इथेच खरी मेख आहे.

शिकारीची गोळी बहुधा शिशाची असते. शिसं मऊ. हरणाच्या अंगात शिरताना ती गोळी फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच लांबपर्यंत मांसात पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, एक्स-रेमध्ये मात्र चांदण्यासारखे दिसतात. शिकारी हरणाचा कोथळा तिथेच काढून टाकतो आणि बाकीचं घरी नेतो. मागे राहिलेल्या आतड्यांवर कॉन्डर उतरतात, तेही एकटेदुकटे नाही, घोळक्याने. पोटातल्या तीव्र आम्लात शिसं विरघळतं, रक्तात जातं, नसांवर परिणाम करतं. अन्न पुढे सरकत नाही. खाद्याने भरलेली गळ्याची पिशवी घेऊन पक्षी उपाशी मरतो.

आता तुम्ही म्हणाल, हे शिसं गोळीचंच कशावरून? शिशाचे समस्थानिक असतात आणि त्यांचं प्रमाण स्रोतानुसार बदलतं. कॉन्डरच्या रक्तातलं शिसं तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं, की मुख्य स्रोत काडतुसंच आहेत. कॅलिफोर्नियातल्या मोकळ्या पक्ष्यांपैकी दरवर्षी सुमारे २० टक्क्यांच्या रक्तात उपचार करावे लागतील इतकं शिसं सापडत होतं. म्हणून हे पक्षी पुन्हा पुन्हा पकडतात, रक्त तपासतात, शिसं बाहेर काढणारी इंजेक्शनं देतात. पक्षी रानात आहे खरा, पण दवाखान्याच्या आधारावर.

शिवाय कॉन्डरची मादी एका वेळी एकच अंडं घालते, आणि पिल्लू वाढून जोडी जमवायला सहा ते आठ वर्षं जातात. एक मोठा पक्षी गेला, तर ती जागा भरायला फार काळ लागतो.

उपाय अवघड नाही. तांब्याच्या गोळ्या मिळतात; त्या फारशा फुटत नाहीत. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर संपूर्ण बंदी घातली. ॲरिझोनाने वेगळी वाट धरली: सक्ती नाही, पण २००५ पासून कैबाब पठाराच्या भागातल्या शिकाऱ्यांना शिसंविरहित काडतुसं फुकट द्यायला सुरुवात केली. जे शिसंच वापरतील त्यांना आतडी रानातून उचलून न्यायला सांगितलं. बहुसंख्य शिकाऱ्यांनी साथ दिली. तरीही विषबाधा पूर्ण थांबलेली नाही. कॉन्डर एका दिवसात दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त उडू शकतो, आणि एका कोथळ्यातून अनेक पक्ष्यांना विषबाधा होऊ शकते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. शिकाऱ्याने मागे टाकलेली आतडी हे कॉन्डरसाठी मुळात चांगलं अन्न आहे. त्यातून शिसं तेवढं काढा, मग तोच शिकारी कॉन्डरचा अन्नदाता ठरतो. आपण डायक्लोफेनॅक बंद केलं तेव्हा गुरं पाळणं बंद केलं नव्हतं. इथेही भांडण शिकाऱ्याशी नाही. गोळी कशाची, एवढाच प्रश्न आहे.