कमी गुण, नामांकित संस्था: सीमाभागातले सात गैरसमज

निपाणी शहर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. शहराला खेटून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज मात्र महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. त्यामुळे निपाणीच्या एकाच गल्लीतली दोन मुलं दोन वेगळ्या बारावी देतात. एक कर्नाटक बोर्डाची सेकंड पीयूसी देतो, दुसरी महाराष्ट्राची एचएससी. निकाल मनासारखा लागला नाही की दोन्ही घरांत सल्ले मात्र एकाच छापाचे मिळतात. ‘आता मोठ्या कॉलेजांची स्वप्नं सोडा,’ असं काका सांगतात. ‘गुणांना कोण विचारतं, सीईटी असते ना,’ असं शेजारी सांगतात. दोघंही अर्धवट खरं बोलतात आणि नेमका त्या अर्धवटपणात मुलांचा घात होतो. नियम काय सांगतात ते एकेक करून बघू.

गैरसमज १: नव्वदच्या खाली गुण म्हणजे नामांकित संस्थांची दारं बंद.

वस्तुस्थिती: पात्रता आणि निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक नामांकित संस्थांत बारावीचे गुण फक्त उंबरठा ओलांडण्यापुरते लागतात, निवड प्रवेश परीक्षेवर होते. वैद्यकीय प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींना ४० टक्के पुरतात. पुढची क्रमवारी नीटच्या गुणांवर लागते. पुण्याच्या आयसरसाठी खुल्या प्रवर्गाला बारावीत ६० टक्के हवेत, निवड आयसरच्या स्वतःच्या चाचणीतून होते. बेंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलसाठी क्लॅट द्यावी लागते आणि क्लॅटची अट खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आहे. या लॉ स्कूलमध्ये २५ टक्के जागा कर्नाटकच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत आणि कर्नाटकचा विद्यार्थी म्हणजे राज्यात किमान दहा वर्षं शिकलेला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली मुलगीही त्यात बसते. तिथे घरची भाषा विचारली जात नाही. क्लॅटचा पेपर मात्र इंग्रजीत असतो, तेवढी तयारी हवी.

दिल्ली विद्यापीठाचं तर गणितच पालटलं. २०२१ मध्ये तिथल्या काही कॉलेजांची पहिली कटऑफ थेट १०० टक्क्यांवर गेली होती. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आली आणि दिल्लीतली पदवीची निवड तिच्या गुणांवर होऊ लागली. बारावीचे गुण आता मुख्यतः बरोबरी झाली तर उपयोगी पडतात. तरीही कटऑफच्या त्या जुन्या बातम्या आपल्याकडे अजून सांगितल्या जातात.

गैरसमज २: मार्क्स कार्डावर ७५ टक्के नाहीत, म्हणजे आयआयटी गेली.

वस्तुस्थिती: ७५ टक्क्यांची अट खरी आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांसाठी ती ६५ टक्के आहे. कोविडच्या काळात ती शिथिल झाली होती, २०२३ पासून पुन्हा लागू झाली. पण ही टक्केवारी मार्क्स कार्डाच्या तळाशी छापलेली टक्केवारी नव्हे.

एक मार्क्स कार्ड समोर ठेवू. इंग्रजी ८२, दुसरी भाषा ५६, फिजिक्स ७०, केमिस्ट्री ७२, गणित ८०, बायोलॉजी ७८. सहा विषयांची बेरीज ६०० पैकी ४३८, म्हणजे ७३ टक्के. घरात सुतक लागावं तशी शांतता. पण आयआयटीसाठी पाचच विषय धरतात: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, एक भाषा आणि उरलेल्यांतला जास्तीत जास्त गुणांचा एक विषय. दोन भाषा असतील तर ज्या भाषेत जास्त गुण ती धरतात. या हिशेबाने ५०० पैकी ३८२ होतात, म्हणजे ७६.४ टक्के. मूल पात्र आहे.

याउपर दुसरा रस्ताही आहे. आपल्या बोर्डातून उत्तीर्ण झालेल्यांत, आपल्या प्रवर्गाच्या यादीत, वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असलात तर ७५ नसतानाही चालतं. ही रेषा प्रत्येक बोर्डाची वेगळी असते. अर्जुननगरच्या मुलीला महाराष्ट्र बोर्डाची रेषा लागू, निपाणीच्या मुलाला कर्नाटक बोर्डाची.

बोर्डाच्या गुणांचा आयआयटीशी थेट संबंध असल्याचा समज कशातून आला तेही सांगायला हवं. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं. २०१७ पासून ते काढून टाकलं. धाकट्याला सल्ला देणारा थोरला भाऊ कदाचित त्या काळातला असेल.

गैरसमज ३: सीईटी चांगली गेली की पीयूसीचे गुण कुणी बघत नाही.

वस्तुस्थिती: कर्नाटकात बघतात, आणि नीट बघतात. केसीईटी या राज्याच्या सीईटीतून इंजिनिअरिंगची क्रमवारी लावताना निम्मं वजन सीईटीला आणि निम्मं बारावीतल्या फिजिक्स, केमिस्ट्री, गणिताला असतं. एका मुलाला बारावीच्या या तीन विषयांत ९२ टक्के आणि सीईटीत १८० पैकी ७२, म्हणजे ४० टक्के मिळाले, तर त्याचं एकत्रित ६६. दुसरीला बारावीत ७४ आणि सीईटीत ११७, म्हणजे ६५ टक्के मिळाले, तर तिचं ६९.५. ती पुढे गेली हे खरं. पण तिला बारावीतही ९२ असते तर ती ७८.५ वर असती. म्हणजे कमी गुण सीईटीने भरून निघतात, पुसले मात्र जात नाहीत.

त्याच राज्यात खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांची कॉमेडके परीक्षा आहे. तिथे बारावी पात्रतेपुरती, क्रमवारी फक्त परीक्षेच्या गुणांवर. फी मात्र सरकारी कोट्यापेक्षा बरीच जास्त. सीमेपलीकडे एमएचटी-सीईटीतही इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते आणि बारावीत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के पुरतात. बारावीत गुण कमी पडले आणि सीईटीत हात चांगला चालतो, अशा मुलाने पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय आणि सांगलीचं वालचंद कॉलेज यांच्याकडे पाठ फिरवू नये. तिथे त्याची बारावी त्याला मागे ओढत नाही.

गैरसमज ४: महाराष्ट्रात आपण परराज्यातले, आणि बारावी महाराष्ट्रात केली की कर्नाटकही हातचं गेलं.

वस्तुस्थिती: दोन्ही चुकीचं. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत ‘टाइप ई’ नावाचा गट केवळ सीमाभागासाठी आहे. दहावी किंवा बारावी वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली हवी, राहणं त्या भागात हवं आणि मातृभाषा मराठी हवी. महाराष्ट्राने ज्या ८६५ गावांवर दावा सांगितला आहे त्यांचा हा भाग. त्यासाठी रहिवासाचं आणि मातृभाषेचं, अशी दोन प्रमाणपत्रं विहित नमुन्यात द्यावी लागतात. वैद्यकीय प्रवेशासाठी एरवी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. तरी सीमाभागातल्या मुलांसाठी तिथेही मोजक्या जागा ‘एमकेबी’ या नावाने वेगळ्या ठेवलेल्या असतात. जागा थोड्या असल्या तरी अर्जात तो रकाना भरलाच नाही तर त्यांचा उपयोग शून्य.

आता कर्नाटकाची बाजू. केईए या कर्नाटकच्या परीक्षा प्राधिकरणाचा सर्वसाधारण नियम असा: पहिली ते बारावी या काळात किमान सात शैक्षणिक वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली हवीत आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण हवी. निपाणीत दहावीपर्यंत शिकून अर्जुननगरला किंवा कोल्हापूरला बारावी केलेली मुलगी या नियमात बसते. तिच्यासाठी दोन्ही राज्यांची दारं उघडी आहेत. सीमेवर राहण्याचा त्रास आपण रोज भोगतो, मग हा एक फायदा तरी का सोडायचा?

खेड्यातल्या मुलांसाठी कर्नाटकात १५ टक्के ग्रामीण कोटाही आहे. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकल्याचा दाखला त्यासाठी लागतो आणि त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची (बीईओ) सही हवी. शाळा मराठी माध्यमाची असली तरी हा कोटा मिळतो. कन्नड माध्यमाचा कोटा वेगळा, तो मात्र मिळत नाही. जातीच्या दाखल्याबाबतही गल्लत होते. कर्नाटकात मराठा समाज ३-ब गटात येतो. पण राज्याच्या यादीत नाव आहे म्हणून केंद्राच्या परीक्षांत ओबीसीचा लाभ आपोआप मिळत नाही, केंद्राची यादी वेगळी आहे.

गैरसमज ५: मराठीत पेपर मिळतो, तेव्हा बेळगाव केंद्रावरही तो मिळेलच.

वस्तुस्थिती: जेईई मेन, नीट आणि सीयूईटी या तिन्ही परीक्षा १३ भाषांत होतात आणि मराठी त्यांत आहे. पण जेईई मेन आणि नीटमध्ये मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. कर्नाटकातल्या केंद्रांवर इंग्रजी, हिंदी, उर्दू आणि कन्नड. मराठीच हवी असेल तर फॉर्म भरतानाच कोल्हापूरसारखं केंद्र निवडावं लागतं, नंतर भाषा बदलता येत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड तर फक्त इंग्रजी आणि हिंदीतच असते.

निवड करताना एक विचार करावा. आपल्याकडे दहावीपर्यंत मराठी आणि पीयूला सायन्स इंग्रजीतून अशी बहुतेकांची वाट असते. दोन वर्षं ‘फ्रिक्शन’ आणि ‘मोमेंटम’ शिकून ऐन परीक्षेत ‘घर्षण’ आणि ‘संवेग’ वाचायला लागले तर वेळ जातो. ज्या भाषेत सराव झाला त्या भाषेत पेपर द्यावा. सीयूईटीत मात्र मराठी हा भाषा विषय म्हणूनही घेता येतो. आर्ट्सच्या मुलांना त्याचा चांगला आधार मिळू शकतो.

गैरसमज ६: गुण एकदा आले की आले. वर्ष गेलं तर नाव गेलं.

वस्तुस्थिती: कर्नाटकात २०२४ पासून सेकंड पीयूसीची परीक्षा एकाच वर्षात पुन्हा देण्याची सोय झाली. त्या वर्षी तीन परीक्षा झाल्या आणि ज्या विषयात ज्या वेळी जास्त गुण, ते ठेवले गेले. महाराष्ट्रात पुरवणी परीक्षा आणि श्रेणीसुधार योजना आहे. दोन्हीकडे उत्तरपत्रिकेची प्रत मागवून पुनर्मूल्यांकन करून घेता येतं. प्रत हातात आल्यावर आधी विषयाच्या सरांना दाखवावी आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरावेत. सुधारलेले गुण यंदाच्या केसीईटी क्रमवारीत धरणार का, हे त्या वर्षीच्या केईएच्या सूचनेत बघावं.

गॅपच्या भीतीबद्दल नियम असे: नीटला प्रयत्नांची आणि कमाल वयाची मर्यादा नाही. जेईई मेन सलग तीन वर्षं देता येते, अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदा. पण वर्ष थांबायचं ते चूक नेमकी कुठे झाली हे कळल्यावर. नुसतं थांबल्याने गुण वाढत नाहीत.

आणि पदवीनंतरची दारं तर बहुतेकजण विसरतातच. बेळगाव किंवा निपाणीतून बीएस्सी केलेली मुलगी जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाऊ शकते. इंजिनिअर गेट देऊन एमटेकला जातो. तिथे बारावीचे गुण कुणी काढत नाही. आयआयएमची गोष्ट निराळी. आयआयएम बेंगळूरसारख्या संस्था मुलाखतीची यादी करताना दहावी-बारावीच्या गुणांनाही वजन देतात.

गैरसमज ७: पैसे टाकले की सीट मिळते.

वस्तुस्थिती: निकालानंतरच्या महिन्यात सीमाभागात एजंटांचे फोन सुरू होतात. वैद्यकीय प्रवेशाला मॅनेजमेंट कोट्यातसुद्धा नीट पात्रता सक्तीची आहे. अभिमत विद्यापीठांच्या एमबीबीएस जागा केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या (एमसीसी) समुपदेशनातूनच भरल्या जातात, त्या कुणा मध्यस्थाच्या हातात नसतात. कॅपिटेशन फी घेण्यावर कर्नाटकात १९८४ चा आणि महाराष्ट्रात १९८७ चा कायदा बंदी घालतो. ‘नीट नसलं तरी बघू’ असं म्हणणाऱ्या माणसाला एक रुपयाही देऊ नये.

कमी गुणांनी काही वाटा खरोखर बंद होतात, हेही मान्य करायला हवं. पाच विषयांत ७५ नाहीत आणि वरच्या २० पर्सेंटाइलमध्येही नाही, तर यंदा आयआयटी नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत आपल्या प्रवर्गाची किमान टक्केवारी नाही, तर नीटमध्ये कितीही गुण पडोत, एमबीबीएस नाही. अशा वेळी पुन्हा परीक्षा द्यायची की वाट बदलायची, हे घरात बसून शांतपणे ठरवावं.

बाकीच्यांनी निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात एवढं करावं: मार्क्स कार्ड घेऊन प्रत्येक संस्थेच्या नियमाने टक्केवारी पुन्हा काढावी, उत्तरपत्रिकेच्या प्रतीची मुदत बघावी, रहिवास, मातृभाषा आणि शिक्षणाचे दाखले तहसील व बीईओ कार्यालयातून मागवून ठेवावेत आणि यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, कारण नियम दरवर्षी बदलतात. सीमाभागात दरवर्षी कितीतरी मुलांचा प्रवेश हुकतो तो गुणांअभावी नव्हे, तर वेळेत न मिळालेल्या दाखल्यामुळे आणि न वाचलेल्या नियमामुळे. गुण आता बदलणार नसतील, पण या दोन गोष्टी अजूनही आपल्या हातात आहेत.