बॉनेट उघडा, पाऊस यायच्या आधी!

नागपूरहून चंद्रपूर असो की हैदराबाद, जामचा चौरस्ता लागतोच. चहा झाला, सेल्फी झाला, सगळे गाडीत बसले. तुम्ही किल्ली फिरवता आणि आवाज येतो नुसता ‘टक्-टक्’. बाहेर पाऊस, रात्रीचे दहा, महामार्ग ४४ वरून ट्रक सुसाट चाललेत. असा प्रसंग नको असेल तर जूनच्या आधी अर्धा तास काढा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो; बॉनेटखाली त्याहून जास्त. या उष्णतेनं बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या शिशाच्या प्लेट्स झिजतात. झीज उन्हाळ्यात होते, पण कळते पावसाळ्यात. वायपर, हेडलाइट, एसी सगळं एकदम चालू झालं की बॅटरी मान टाकते.

दुसरं दुखणं पाण्याचं. पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी काळी जाळी असते ना? काचेवरचं पाणी तिच्याखालच्या पन्हळीत पडतं आणि भोकांमधून खाली निघून जातं. कडुलिंबाची पानं, धूळ, कापसाचे तंतू तिथे साचले की भोकं बुजतात. एसीला बाहेरची हवा तिथूनच मिळते, म्हणून तुंबलेलं पाणी थेट पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरू शकतं. बऱ्याच गाड्यांत बॅटरी आणि फ्यूजचा डबाही जवळच असतो. तिथे पाणी शिरलं तर खर्च बॅटरीपेक्षाही मोठा!

मग करायचं काय? इंजिन बंद, थंड. आधी पानं हातानं उचला; पाण्यानं आत ढकलू नका. मग मगभर पाणी हळूहळू ओता. गाडीखाली लगेच ठिबकलं तर रस्ता मोकळा आहे. नाहीतर मऊ प्लास्टिकची नळी हलकेच फिरवा. तार खुपसू नका, रबरी नळ्या फाटतात.

आता बॅटरी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी निगेटिव्हची वायर काढा, मग पॉझिटिव्हची. उलटं केलंत तर पाना बॉडीला लागून ठिणगी पडू शकते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. हातमोजे, चष्मा हवाच. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. बॅटरीखालच्या ट्रेचं भोकही मोकळं करा. सगळं कोरडं झाल्यावर पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी जोडा. वर थोडी व्हॅसलीन लावा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पातळी बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.

शेवटी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर छान. १२.२ च्या खाली असेल तर लांबच्या ट्रिपआधी बॅटरी दुकानात तपासून घ्या. गाडी बाबांची असली तरी रात्री तिच्यात बसणारे मित्र तुमचेच आहेत!