खिळा, दोरी आणि एक डोळा

सपाट पृष्ठभागावर खोली दाखवायची धडपड युरोपात जुनी. पादुआच्या चॅपेलमध्ये १३०५ च्या सुमारास जोत्तोने माणसांना उभं राहायला जागा दिली, पण त्याच्या इमारती नजरेच्या अंदाजावर तिरप्या केलेल्या. सिएनाच्या अम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने मेरीला देवदूत शुभवार्ता सांगतो तो प्रसंग १३४४ मध्ये रंगवला. त्यातल्या फरशीच्या खोलवर जाणाऱ्या रेषा वाढवल्या तर त्या एकाच बिंदूत मिळतात. मागे मात्र परंपरेप्रमाणे सोन्याचा मुलामा! पायांखाली खोली आहे, पाठीमागे नाही. त्या शतकातल्या मोजक्या धाडसी चित्रांत मी ते धरतो.

नजरेचं शास्त्रही तोवर युरोपात पोचलं होतं. कैरोत राहून काम करणाऱ्या इब्न अल-हैथमने अकराव्या शतकात मांडलं होतं, की वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण सरळ रेषेत डोळ्यापर्यंत येतात. त्याच्या अरबी ग्रंथाचं लॅटिन भाषांतर अभ्यासकांच्या हाती होतं. त्या शास्त्राचा चित्रकलेशी संबंध जोडला फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो ब्रुनेल्लेस्कीने. तो मूळचा सोनार, पुढे तिथल्या कॅथेड्रलचा घुमट बांधणारा.

त्याचा प्रयोग चरित्रकार मानेत्तीने नोंदवून ठेवला आहे. कॅथेड्रलच्या दारातून साधारण पावणेदोन मीटर आत उभं राहून त्याने समोरची अष्टकोनी बाप्तिस्मा-इमारत हातात मावेल एवढ्या फळीवर रंगवली. आकाश रंगवलंच नाही. तिथे चकाकवलेली चांदी लावली, म्हणजे खरे ढग वाऱ्याबरोबर तिच्यात सरकताना दिसावेत. मग फळीला एक भोक पाडलं. रंगवलेल्या बाजूने मसुरीच्या दाण्याएवढं, मागून सोन्याच्या नाण्याएवढं रुंद. मागून डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशातली इमारत पाहायची. डावं-उजवं उलटण्याचा प्रश्न असा सुटला आणि पाहणाऱ्याचा डोळा नेमक्या जागी बांधलाही गेला. ही फळी आज उरलेली नाही, याची हळहळ वाटते.

तिची जागा आपल्यापुरती चित्रकार मासाच्चोचं 'पवित्र त्रैक्य' घेतं. फ्लॉरेन्समधल्याच सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या भिंतीवर १४२५ ते १४२७ च्या दरम्यान रंगवलेलं. ओल्या गिलाव्यावर खिळा ठोकून, दोऱ्या ताणून आखलेल्या रेषांचे ओरखडे त्यात अजून सापडतात. कमानीचं चौकटी-चौकटींचं छत मागे जात राहतं आणि त्या रेषा क्रुसाच्या पायथ्याशी, पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर एकत्र येतात. देवपिता मात्र खालून पाहिल्यासारखा आखडलेला नाही, तो सरळ समोरून दिसतो. नियम छताला लावला, देवाला लावला नाही. हा निर्णय मला चित्रातल्या भूमितीइतकाच मोठा वाटतो.

विद्वान वास्तुकार आल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहून कारागिरांची ही युक्ती शिकवता येईल अशी केली. पायरेषेचे समान भाग पाडायचे, ते मध्यबिंदूला जोडायचे, आडव्या रेषांची अंतरं बाजूच्या वेगळ्या आकृतीतून काढायची. फरशी बरोबर उतरली का, हे तपासायला एक कर्ण ओढायचा. तो सगळ्या चौकोनांच्या कोपऱ्यांतून सरळ गेला तर काम नीट. दुसऱ्या वर्षी त्याची इटालियन आवृत्ती तयार झाली, ती ब्रुनेल्लेस्कीला अर्पण केलेली. पुढे चित्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्काने हीच भूमिती आणखी काटेकोर केली.

पण खोली रंगवायची ही एकच वाट नव्हे. यान व्हान आयकच्या १४३४ च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात रेषा एका बिंदूत मिळत नाहीत, तरी ती खोली पूर्ण पटते. प्रकाशच तिला उभी करतो. फ्लॉरेन्सची रीत मात्र पाहणाऱ्याने कुठे उभं राहायचं हेही ठरवून टाकते.

'त्रैक्य' चं पुढे जे झालं त्यात हे फार स्पष्ट दिसतं. त्या छताची वाखाणणी करणाऱ्या चित्रकार-चरित्रकार वासारीनेच १५७० च्या सुमारास चित्रासमोर नवी वेदी उभारली आणि ते झाकलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वरचा भाग सापडला, तो सुटा करून दुसऱ्या भिंतीवर नेला. चित्राच्या तळाशी रंगवलेला सांगाडा मूळ जागीच राहिला आणि १९५२ च्या सुमारास उघड झाला. मग वरचा भाग परत आणून त्याच्यावर बसवला, तेव्हा कुठे ते छत मासाच्चोने आखलेल्या उंचीवरून पाहता येऊ लागलं.