गव्हर्नर निवडून देणारे लोक

आपल्याकडे राज्यपाल कोण होतो? राष्ट्रपती ज्याला नेमतील तो. त्यासाठी तुम्ही-आम्ही मत देत नाही. पण काही देशांत राज्याचा गव्हर्नर लोकच मते देऊन निवडतात. ब्राझील हा तसा एक देश. तिथे हे कसे चालते, आणि ते मत मिळवायला गरिबाला किती वर्षे लागली, ते आज पाहू.

ब्राझील फार लांब आहे. दक्षिण अमेरिका खंडात. आकाराने आपल्या देशाच्या अडीचपट, पण माणसे थोडी. २०२२ सालच्या शिरगणतीत तिथली वस्ती २० कोटी ३० लाख भरली. भाषा पोर्तुगीज. होय, गोव्यावर ज्यांनी राज्य केले तेच हे पोर्तुगीज. ब्राझील त्यांच्या हातून १८२२ साली सुटला, गोवा सुटायला १९६१ साल उजाडले. आपण खातो तो काजूसुद्धा मूळचा तिकडचाच बरं का. पोर्तुगीजांनी तो इकडे आणला.

या देशात २६ राज्ये आहेत आणि राजधानीचा एक वेगळा जिल्हा आहे. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालासारखा मानाचा धनी नव्हे. त्याला आपला मुख्यमंत्रीच समजा. राज्याचे पोलीस त्याच्या हाताखाली. राज्याच्या शाळा, इस्पितळे, रस्ते यांचा खर्च त्याच्या सहीने. मुदत चार वर्षांची. लागोपाठ दोनदाच त्या खुर्चीवर बसता येते.

सेनेटर मात्र राज्यात बसत नाहीत. ते देशाच्या राजधानीत, ब्राझीलिया शहरात, राज्याच्या वतीने बसतात. आपल्या राज्यसभेसारखीच ती सभा. पण फरक मोठा आहे. राज्यसभेचे बहुतेक सभासद आपले आमदार निवडतात. तिकडे सेनेटर थेट जनता निवडते. दुसरे असे की राज्यसभेत महाराष्ट्राच्या जागा १९ आणि गोव्याची १, कारण माणसे कमी-जास्त. तिकडे थोरल्या-धाकट्याचा हिशोब नाही. प्रत्येक राज्याला तीन. २०२२ च्या शिरगणतीत साओ पाउलो राज्यात ४ कोटी ४४ लाख लोक भरले, त्यांचे तीन सेनेटर. त्याच शिरगणतीत रोराइमा राज्यात साडेसहा लाखांच्या आतच लोक भरले, त्यांचेही तीनच. थोरल्या भावाने धाकट्याचे वावर दाबू नये म्हणून ही तजवीज. साओ पाउलोवाल्यांना ती फारशी रुचत नाही, पण घटनेतच तसे लिहिले आहे. राजधानीचा जिल्हा धरून असे ८१ सेनेटर होतात.

सेनेटर आठ वर्षे राहतो. सगळे एकदम बदलत नाहीत. निवडणूक दर चार वर्षांनी होते. एका खेपेला राज्यातून एक जागा भरतात, पुढच्या खेपेला दोन. २०१८ साली दोन, २०२२ साली एक, मग २०२६ साली पुन्हा दोन, असा क्रम.

निवडून येण्याची रीतही दोघांची निराळी. सेनेटर ज्याला जास्त मते तो. गव्हर्नरला तेवढ्याने भागत नाही. ग्राह्य मतांपैकी निम्म्याहून जास्त मते त्याला हवीत. तितकी कुणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक. पहिली फेरी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, दुसरी त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी. २०२२ साली साओ पाउलो राज्यात असेच झाले. २ ऑक्टोबरला कुणीच निम्म्यावर गेले नाही. मग ३० तारखेला तार्सिझियो द फ्रेइतास आणि फर्नांदो हद्दाद यांच्यात लढत झाली आणि फ्रेइतास गव्हर्नर झाले. त्याच राज्यातून त्या वर्षी सेनेटर झाले मार्कोस पोन्तेस. हे गृहस्थ २००६ साली अंतराळात जाऊन आलेले आहेत.

आता मते देतात कोण, ते ऐका. खरी गोष्ट इथेच आहे.

१८८१ साली तिथे एक कायदा झाला. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याचे नाव यापुढे मतदारयादीत घ्यायचे नाही, असा. त्या काळी बहुतेक माणसे निरक्षर. म्हणजे शेतमजूर, गुलामगिरीतून सुटलेले लोक, सगळे एका फटक्यात बाहेर. हा नियम शंभर वर्षांहून अधिक टिकला. बायकांना मत मिळाले १९३२ साली, पण तेही साक्षर बायकांनाच.

खेड्यात सत्ता होती मोठ्या जमीनदारांची. त्यांना ‘कोरोनेल’ म्हणत. मते तर त्यांना हवी होती, पण कुळे पडली निरक्षर. मग काय करावं? कोरोनेल आपल्या माणसांना सहीपुरती अक्षरे शिकवी. वाचता येत नसले तरी चालेल, नाव तेवढे गिरवता आले म्हणजे झाले. मतदानाच्या दिवशी त्यांना गावात आणायचे, जेवू घालायचे, आणि म्हणतील त्याला मत द्यायला लावायचे. पूर्वी मतदान उघड असे, त्यामुळे कोण फुटला ते लगेच कळे. १९३२ साली गुप्त मतदान आले, तरी छापील मतपत्रिका पुष्कळ वर्षे उमेदवाराचीच माणसे मतदाराच्या हातात ठेवीत. तिकडे अशा मताला जे नाव पडले त्याचा अर्थ ‘म्होरकीचे मत’. बैलाला म्होरकी घालून नेतात तसे नेलेले मत.

१९६३ साली रिओ ग्रांदे दो नोर्ते राज्यातल्या आंजिकोस या लहान गावी पाउलो फ्रेरी नावाच्या शिक्षकाने प्रौढांचे वर्ग चालवले. रोजच्या कामातले शब्द घ्यायचे, त्यांवर बोलायचे, मग तेच शब्द लिहायचे. सुमारे ३०० मजूर थोड्या तासांत लिहू-वाचू लागले. शेवटच्या वर्गाला देशाचे अध्यक्ष स्वतः आले. आता विचार करा, लिहिता आले की मत मिळते. म्हणजे असे वर्ग गावोगाव निघाले असते तर लाखो नवे मतदार उभे राहिले असते, तेही म्होरकीवाचून. पुढच्याच वर्षी, १९६४ साली, लष्कराने राज्य हाती घेतले. फ्रेरींना तुरुंगात टाकले आणि मग त्यांना देश सोडावा लागला. शिक्षकाला कशापायी तुरुंग, असं तुम्ही पुसाल. त्याचे उत्तर वर आलेच आहे.

लष्कराने गव्हर्नरची थेट निवडणूकही बंद केली. सेनेटची चालू होती. १९७४ साली सेनेटच्या २२ जागांपैकी १६ विरोधकांनी जिंकल्या. तेव्हा १९७७ साली नवा नियम निघाला, की पुढच्या खेपेला राज्यातल्या दोन जागांपैकी एक लोकांना न विचारताच भरायची. अशा सेनेटरांना लोक ‘यंत्राचे सेनेटर’ म्हणून हसत. गव्हर्नर पुन्हा लोकांच्या मतांनी आले ते १९८२ साली. आणि निरक्षरांना मत मिळाले १९८५ साली. १९८६ च्या निवडणुकीत त्यांनी गव्हर्नर आणि सेनेटर निवडायला पहिल्यांदा हात लावला. आपल्याकडे १९५२ सालीच प्रत्येक उमेदवाराच्या चिन्हाची वेगळी पेटी ठेवून अडाणी माणसाचेही मत घेतले होते. त्या मानाने त्यांना फार उशीर झाला.

आता तिकडे मत यंत्रावर देतात. १९९६ साली मोठ्या शहरांत सुरुवात झाली, २००० साली सगळीकडे. यंत्रावर चिन्हे नाहीत, आकडे आहेत. गव्हर्नरच्या उमेदवाराला दोन आकड्यांचा नंबर, सेनेटरच्या उमेदवाराला तीन आकड्यांचा. नंबर दाबला की पडद्यावर उमेदवाराचा फोटो येतो. तोच माणूस असला तर हिरवे बटण दाबायचे. चुकला तर दुरुस्तीचे बटण आहे. कुणीच नको असेल तर पांढरे. आकडे लक्षात राहत नसतील तर चिठ्ठीवर लिहून न्यायला परवानगी आहे. आंधळ्यांसाठी बटणांवर उठावाचे ठिपके असतात.

१८ ते ७० वयाच्या माणसाने मत दिलेच पाहिजे, असा तिथला कायदा. सबळ कारण नसता चुकला तर दंड. दंड किरकोळ असतो, पण तो निकालात काढल्याशिवाय पासपोर्ट मिळत नाही. १६-१७ वर्षांची मुले, सत्तरीपुढची म्हातारी माणसे आणि निरक्षर यांना मात्र सक्ती नाही. त्यांची मर्जी.

एक अट अजून राहिली आहे. निरक्षर माणूस मत देऊ शकतो, पण उमेदवार म्हणून उभा राहू शकत नाही. २०२२ साली १५ वर्षांवरचे १ कोटी १४ लाख लोक तिथे निरक्षर होते. आपल्याकडे अशी अट लोकसभेला किंवा विधानसभेला नाही. मला विचाराल तर आपलेच बरे. वाचता न येणाऱ्यालाही आपल्या गावाचे दुखणे सांगता येते.

मतदान संध्याकाळी पाचला संपते. मग यंत्र एक लांब चिठ्ठी छापून देते. कोणत्या नंबराला किती मते, ते तीत असते. अधिकारी तिची एक प्रत केंद्राच्या दारावर लावतात. जाणारा-येणारा कोणीही थांबून ती वाचू शकतो.