खेळ तोच, मग हाताला वेगळा का लागतो?

मागच्या वेळी आपण ओळख पटणे म्हणजे काय, यावर बोललो होतो. 'तोच हा देवदत्त' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय तेच असतं, हा आपल्या नैयायिकांचा आवडता प्रश्न. व्याख्यान संपल्यावर चाळिशीच्या एका गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, "सर, लहानपणी टीव्हीला जोडून मारिओ खेळायचो. आता तोच मोबाइलवर घेतला. नळ्या त्याच, कासवं तीच, पण हा तो मारिओ नाही. वय झालं म्हणून असं वाटतं, की खेळच बदललाय?"

तत्त्वज्ञानाच्या माणसाने व्हिडिओ गेमवर कशाला बोलावं, असं काहींच्या मनात येईल. येऊ द्या. प्रश्न देवदत्ताचाच आहे, फक्त देवदत्ताने टोपी घातली आहे.

या प्रश्नाचं एक आयतं उत्तर असतं: बालपण गोड असतं, आठवणी फसव्या असतात, बाकी काही नाही. हे उत्तर मला आळशी वाटतं. मनावर आरोप ठेवण्याआधी यंत्र तपासून घ्यावं. आणि यंत्र तपासलं तर असं दिसतं की या गृहस्थांची तक्रार बऱ्याच अंशी खरी आहे. फरक मोजता येतो.

सुरुवात त्यांच्याच मारिओपासून करू. सुपर मारिओ ब्रदर्स हा १९८५चा जपानी खेळ. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला सुमारे ६० वेळा पडदा रंगवायचा. त्या काळच्या खेळांनी याच गोष्टीला आपलं घड्याळ बनवलं होतं. पडदा एकदा रंगला की मारिओ एक पाऊल पुढे, इतका सरळ हिशेब. आपल्याकडे मात्र पॅल पद्धत, म्हणजे सेकंदाला ५०. नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात आलेली यंत्रं बहुतेक त्या जपानी यंत्राच्या नकला होत्या. अशा नकलेत पॅल टीव्हीसाठी खेळाचा ठेका ५०वर आणला आणि आतली कॅसेट न बदलता तशीच चालवली, की काय होतं? दहा सेकंदांची धाव बारा सेकंदांची होते. उडी थोडी जास्त वेळ हवेत राहते. संगीताची लय उतरते. गंमत म्हणजे खेळातलं उलटं मोजणारं घड्याळही त्याच प्रमाणात संथ होतं, म्हणून खेळणाऱ्याला आतून काहीच कळत नाही.

अशा यंत्रावर वाढलेल्या मुलाच्या बोटांत जी लय बसली, ती ५०ची. आज तो फोनवर एम्युलेटर टाकतो, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम, तेव्हा त्याला ६०चा मारिओ मिळतो. तो जपानी मूळाशी प्रामाणिक असतो, आणि नेमका म्हणूनच त्याला परका वाटतो! अस्सल खेळ कोणता, हे विचारताच दुसरा प्रश्न उभा राहतो: कोणासाठी अस्सल? टोकियोच्या मुलासाठी की गुलमंडीच्या? मला स्वतःला गुलमंडीच्या मुलाचा अनुभव 'चुकीचा' म्हणावा असं वाटत नाही. नकलेवर वाढला म्हणून त्याची लय खोटी ठरत नाही.

संगणकावर याच्या उलट झालं. आयबीएमचा १९८१चा पीसी ४.७७ मेगाहर्ट्झचा होता, म्हणजे त्याच्या प्रोसेसरला सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके. खेळ लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी घड्याळ पाहण्याची तसदी घेतली नाही. 'अमुक इतके आकडे मोज, मग पुढे सरक' असं लिहून ते मोकळे झाले. तेव्हा ते बरोबर चाललंही, कारण यंत्र एकाच वेगाचं होतं. मग वेगवान यंत्रं आली आणि तेच आकडे झटकन मोजून होऊ लागले. तुमच्यापैकी काहींना जुन्या संगणकाच्या डब्यावरचं 'टर्बो' बटण आठवत असेल. नावावरून वाटतं की ते वेग वाढवायला असेल. त्याचा खरा उपयोग टर्बो बंद करून यंत्र मुद्दाम संथ करण्यासाठी होता, म्हणजे जुने खेळ आणि जुने प्रोग्रॅम नीट चालावेत. आजचा साधा प्रोसेसर ३ अब्ज ठोक्यांचा, म्हणजे नुसत्या ठोक्यांतच सहाशेपटीहून जास्त. त्या काळचा असा एखादा खेळ यावर तसाच सोडला तर तुमचा गडी पडद्यावर दिसण्याआधीच मेलेला असतो.

हे सिनेमाच्या बाबतीत आपण पाहिलेलं आहे. दादासाहेब फाळक्यांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं पडत. पुढे बोलपट आले आणि प्रोजेक्टर २४वर स्थिरावले. त्यावर मूकपट लावला की राजे-महाराजे तुरुतुरु पळायला लागले. कित्येकांना वाटतं की जुने नट तसाच अभिनय करत. बिचाऱ्यांचा काय दोष! फितीवर चित्रं साठवली होती, वेळ साठवली नव्हती. ती प्रोजेक्टरने पुरवायची होती. जुन्या खेळांचंही तसंच आहे. वेळ प्रोग्रॅममध्ये लिहिलेलीच नव्हती, ती यंत्राकडून उसनी घेतलेली होती.

कधी कधी हे उसनं घेणंच खेळाचा प्राण होऊन बसे. जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांचा १९७८चा स्पेस इनव्हेडर्स घ्या. वरून परग्रहवासीयांची फौज सरकत खाली येते आणि तुम्ही जसजसे त्यांना मारता तसतसे उरलेले वेगाने येतात. शेवटचा एक तर सुसाट सुटतो. छाती धडधडायला लावणारी ही युक्ती यंत्राच्या दुबळेपणातून आली. इतके सगळे शत्रू रंगवताना ते थकायचं, शत्रू कमी झाले की हलकं व्हायचं. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. आता वाटेल तेवढं बलवान यंत्र घ्या, त्याला या थकव्याचं सोंग मुद्दाम आणावं लागतं.

आता पडद्याकडे येऊ. काही घरांत त्या यंत्राबरोबर प्लास्टिकची बंदूक यायची. पडद्यावर बदकं उडायची, आपण नेम धरायचा. डक हंट, १९८४. या बंदुकीतून काहीही सुटत नाही, उलट तीच पडद्याकडे बघते. तुम्ही घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, पाठोपाठ बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि त्याच क्षणी बंदुकीच्या डोळ्यात उजेड आला तर बदक पडलं. पिक्चर ट्यूबचा टीव्ही आलेलं चित्र लगेच, रेघेरेघेने रंगवायचा, म्हणून हे साधायचं. आजचा एलसीडी टीव्ही आलेलं चित्र आधी आत घेतो, त्याला साफसूफ करतो, मोठं करतो आणि मग दाखवतो. बंदूक डोळा उघडते तेव्हा पडद्यावर चौकोन आलेलाच नसतो. तुम्ही टीव्हीला नळी टेकवून घोडा ओढा, बदक उडतच राहणार.

बंदुकीला कळलेली ही दिरंगाई अंगठ्यालाही कळते, फक्त अंगठा तिला नाव देऊ शकत नाही. ६०च्या लयीत एक चित्र म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. टीव्ही तीन-चार चित्रं मागे राहिला तर खड्ड्याच्या कडेवरून मारलेली उडी खड्ड्यात पडते. चाळिशीतला माणूस म्हणतो, हात गेला आता. अहो, निदान काही दोष तरी टीव्हीच्या पदरात टाका!

शिवाय ट्यूबवरचा ठिपका क्षणभर पेटून विझायचा, एलसीडीवर तो पुढच्या चित्रापर्यंत जागीच तेवत राहतो. धावत्या गड्याचा माग काढणाऱ्या डोळ्याला म्हणूनच आता तो फरफटल्यासारखा दिसतो. चित्रकारही ट्यूबचा मंदपणा धरून काढत. १९९१च्या सॉनिकमधला धबधबा म्हणजे नुसत्या उभ्या रेघा. जुन्या टीव्हीवर त्या एकमेकींत मिसळून पारदर्शक पाणी व्हायचं. आजच्या पडद्यावर त्या स्वच्छ, सुबक रेघाच दिसतात. स्पष्टता वाढली आणि पाणी गेलं.

आपल्या शहरात नागसेनवन आहे, मिलिंद महाविद्यालय आहे. ज्या संवादावरून ही नावं आली, त्यात भदंत नागसेन मिलिंद राजाला विचारतात की तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मारिओला हाच प्रश्न विचारा. कॅसेटमधला प्रोग्रॅम म्हणजे मारिओ का? तो आजही अक्षर न अक्षर तोच आहे. पण टीव्हीचा ठेका, ट्यूबची चमक आणि अंगठ्याची सवय यांच्याशी त्याची गाठ पडायची, तेव्हा खेळ व्हायचा. नाटकाच्या लोकांना हे पटकन कळेल. आपण संहिता जपली आहे आणि प्रयोग हरवला म्हणून हळहळतो आहोत.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट होती, ती कुठल्याही सेटिंगमध्ये मिळत नाही. त्या मारिओत डाव साठवून ठेवायची सोय नव्हती. सातव्या जगापर्यंत आलात आणि लोडशेडिंगची वेळ झाली, की पुन्हा पहिल्यापासून. आता एम्युलेटरमध्ये दर पावलाला डाव साठवता येतो. उडी तीच, पण हरण्याला किंमत उरली नाही. त्यामुळे हात घामेजत नाहीत. आणि एक लाइफ तुझी, एक माझी असं म्हणत शेजारी बसलेला चुलतभाऊ आता पुण्यात असतो.

दोन चिठ्ठ्या आल्यात. पहिलीत विचारलंय, जुने डॉसचे खेळ फार पळतात, उपाय काय? डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यात कंट्रोल आणि एफ-११ एकत्र दाबलं की वेग उतरतो, एफ-१२ने चढतो. आकड्यांच्या मागे लागू नका, हाताला जुळेपर्यंत उतरवत जा. नव्या टीव्हीत 'गेम मोड' असेल तर तोही लावा, चित्राची साफसफाई कमी होते.

दुसरी चिठ्ठी एका ताईंची. माळ्यावर जुना डबा टीव्ही आहे, भंगारात द्यावा का? चालत असेल तर देऊ नका, ताई. बंदुकीचा खेळ फक्त त्याच्यावरच चालेल. मागचं झाकण मात्र घरी उघडू नका. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये मोठ्या दाबाची वीज साठलेली राहू शकते.